आवाज न करणारं दार

अपडेटरावांनी फक्त बिजागरीला तेल घालायचं ठरवलं होतं. संसारातली बरीच संकटं 'फक्त' या शब्दानं सुरू होतात, पण ते लक्षात येईपर्यंत माणूस दुकानाच्या काउंटरशी पोचलेला असतो.

अपडेटराव हे त्यांना ऑफिसनं दिलेलं नाव. विमा कंपनीच्या दावे विभागात ते वरिष्ठ कारकून होते. बाजारात नवी वस्तू आली की ती आधी यांच्या घरी पोचते आणि मग तिची जाहिरात सुरू होते, असं सहकारी म्हणत. साबणाच्या वेष्टनावरचं 'नवीन आणि सुधारित' वाचून ज्यांचा चेहरा खरोखर उजळतो, अशा मोजक्या लोकांपैकी ते एक. (आता सुधारलाय म्हणजे आधी बिघडलेला होता काय, आणि तो बिघडलेला साबण इतकी वर्षं लोकांच्या अंगाला चोळायला लावल्याबद्दल कंपनीनं कधी माफी मागितली काय, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.)

या उत्साहाची किंमत घर मोजत होतं. मागे त्यांनी हात हलवला की आपोआप सुरू होणारा नळ बसवला होता. त्यांची आत्या हातवारे केल्याशिवाय एक वाक्य बोलू शकत नाही. ती बेसिनपाशी उभी राहून गप्पा मारायला लागली की पाण्याची टाकी रिकामी होई. मग खोलीत कुणी नसेल तर विझणारा दिवा आला. आत्या पुस्तक उघडून निवांत बसली की दिव्याला वाटे, खोलीत कुणी नाही. 'मी अजून आहे रे बाबा,' असं तिला पानापानाला हात वर करून दिव्याला कळवावं लागे. शेवटी बायकोनं फर्मान काढलं: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नवीन काही येणार नाही.

या फर्मानातून एकच वस्तू सुटली, ती म्हणजे कॉफीचं मशीन. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आल्यामुळं बायकोला नाही म्हणता आलं नव्हतं. ते मशीन अपडेटरावांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय होता. रोज संध्याकाळी ते घुरघुरे, बायको कप आणून देई आणि अपडेटराव पहिल्या घोटाला डोळे मिटून म्हणत, "भांड्यातल्या कॉफीला ही चव येणं शक्यच नाही. प्रेशर लागतं, प्रेशर."

स्वयंपाकघर बंद झाल्यावर उरलं बाकीचं घर. त्यात सगळ्यांत जुनी वस्तू (आत्या सोडून) म्हणजे पुढचं दार.

हे दार जाड, जड लाकडाचं होतं. कधी काळी ते फुगलं आणि परत मूळ मापावर यायचं विसरून गेलं. नुसतं ढकलून ते उघडत नसे. मूठ धरून आधी किंचित वर उचलायचं, खालच्या फळीला गुडघा टेकवायचा आणि मग खांद्यानं धक्का द्यायचा. दिवसा त्याला कुलूप घालायची गरज नव्हती. चोर आला असता तरी गुडघा नेमका कुठं टेकवायचा हे त्याला कोण सांगणार होतं? घरच्यांच्या मात्र ते अंगात मुरलं होतं. आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपासूनच धाव घेई. बायकोचे हात नेहमी सामानानं भरलेले, म्हणून ती मूठ कोपरानं उचलून पाठमोरी होई आणि कमरेनं एकच सणसणीत धक्का देई. अपडेटरावांचा पहिला धक्का कायम वाया जाई. मग ते दाराला उद्देशून काहीतरी पुटपुटत आणि दुसऱ्या धक्क्याला आत येत. धप्प, पुटपुट, धप्प. आत बसलेल्यांना न बघता कळे, कोण आलंय.

तर या दाराला तेल घालायचं कारण असं. बायकोनं शाळेतली नोकरी सोडून घरीच केक करायला सुरुवात केली होती. जुन्या ओव्हनमध्ये, ज्याचं झाकण मिटून राहावं म्हणून समोर स्टूल टेकवावं लागे. आतापर्यंत वाढदिवसांच्या फुटकळ ऑर्डरी येत होत्या. आता गावात नवा कॅफे उघडणाऱ्या एक बाई गुरुवारी केक चाखायला घरी येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर कॅफेचा रोजचा केक बायकोकडून जाणार होता. नाही पडला, तर पुढच्या महिन्यात परत शाळेत अर्ज करायचा, असं बायकोनं स्वतःशी ठरवलं होतं आणि तसं एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवसापासून घरात कुणी केकवरून विनोद केला नव्हता.

"बाई आल्या आणि दार असं कण्हलं, तर काय वाटेल त्यांना?" अपडेटराव म्हणाले.

"त्या केक खायला येणारेत. दार नाही," बायको म्हणाली.

"फक्त तेल घालतो."

"फक्त तेल," बायको म्हणाली, आणि तिनं त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

दुकानात तेल होतं. दुर्दैवानं त्याच दुकानात टाय लावलेला एक तरुणही होता, आणि त्याच्यामागं दारांची रांगच्या रांग उभी होती.

"तेल, सर?" तो म्हणाला. एखाद्या डॉक्टरला पेशंटनं अंगारा दाखवावा तसा त्याचा चेहरा झाला. "तेल म्हणजे प्रॉब्लेम पुढं ढकलणं. दार किती जुनं आहे?"

"बरंच."

"आवाज करतं?"

"करतं."

"ढकलावं लागतं?"

अपडेटरावांनी मूठ, गुडघा आणि खांदा तिथल्या तिथं करून दाखवला. दारवाल्यानं डोळे मिटून घेतले.

"सर, हे दार नाही. ही कुस्ती आहे. इकडं या. एका बोटानं ढकला."

अपडेटरावांनी एका बोटानं ढकललं. दार लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. ना आवाज, ना हिसका. त्यांनी पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. दावे विभागातल्या माणसाला आयुष्यात इतकं सहज काही उघडलेलं बघायला मिळत नाही.

"सात थरांचा कोर, सर. स्वीडिश पद्धतीच्या बिजागऱ्या. आणि हे भिंग बघा. आत उभं राहून याला डोळा लावायचा, की बाहेरचा माणूस टाळूपासून बुटांपर्यंत दिसतो. जुनं दार आम्ही चौकटीसकट फुकट उचलून नेतो."

"फुकट?"

"त्याला मोल काय असणार, सर?"

मंगळवारी अपडेटरावांनी रजा टाकली. आत्या चष्मा आणायला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली होती, बायको अंडी आणायला. दारवाल्याची माणसं आली, जुनं दार चौकटीसकट उचललं आणि नवं बसवून गेली. अपडेटरावांनी ते नुसतं मिटून ठेवलं, हॉलमधल्या खुर्चीवर बसले आणि कौतुकाची वाट बघू लागले.

आधी आत्या आली. म्हणजे आधी जिन्यावर तिच्या चपलांचा वेग वाढलेला ऐकू आला. अपडेटरावांच्या तोंडून "आत्या, अगं थां" एवढंच बाहेर पडलं. तोवर दार निःशब्द उघडलं होतं आणि आत्या पूर्ण वेगानं त्यांच्या समोरून गेली. हॉल ओलांडून, टीपॉयला वळसा घालून ती थेट पलीकडच्या सोफ्यात शिरली आणि उशांमध्ये थांबली.

"लागलं का?"

"मला कुठं लागतंय." आत्यानं चष्मा सरळ केला, काढला, परत लावला. "या नव्या चष्म्यातून मला दारच दिसलं नाही."

"आत्या, दार आहे तिथं. ते उघडलं."

"हे उघडणं नव्हे रे. हे मुळात बंदच नव्हतं."

तेवढ्यात अपडेटरावांना बायकोची आठवण झाली. ते दाराकडं धावले, पण दोन पावलं कमी पडली. बायको पाठमोरी, कमरेनं, सणसणीत आत आली. दोन्ही हातांत अंड्यांचे ट्रे होते. तिनं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि अंडी तिसरी गिरकी न घेता सरळ पुढं निघून गेली. काही भिंतीवर लागली, काही टीव्हीवर. एक अपडेटरावांच्या खिशात गेलं आणि तिथं फुटलं.

भिंतीवरून पिवळं ओघळत होतं.

"नवीन काही आणायचं नाही, असं ठरलं होतं," बायको शांतपणे म्हणाली.

"स्वयंपाकघरात नाही, असं ठरलं होतं. हे दार स्वयंपाकघरात नाही."

"अंडी स्वयंपाकघरात जाणार होती."

खिसा ओला लागत होता.

"आपलं दार परत आणा," ती म्हणाली. "गुरुवारच्या आत. मला केक हातात घेऊन आतबाहेर करायचंय आणि माझ्या अंगाला ते दार माहीत आहे. हे माहीत नाही."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत अपडेटराव दुकानात गेले. दारवाला हसतमुख होता.

"जुनं गेलं, सर. ठेवलं आणि उचललं गेलं."

"भंगारात?"

"भंगारात कसं जाईल? व्हिंटेजमध्ये गेलं. नव्या दाराच्या तिप्पट भावानं."

"पण तुम्हीच म्हणालात, त्याला काही मोल नाही."

"तुमच्याकडं होतं तेव्हा नव्हतं, सर."

(इथं वाचकांनी क्षणभर थांबावं अशी विनंती आहे. आपल्या घरातली टिकाऊ वस्तू टाकाऊ आहे हे आपल्याला पटवून देणारा, आणि तीच वस्तू शेजारच्या गल्लीत दुर्मीळ म्हणून विकणारा, हा एकच माणूस असतो. टायसुद्धा तोच असतो. याला आपण प्रगती म्हणतो आणि वर त्याला फाइव्ह स्टार देतो.)

संध्याकाळी अपडेटराव घरी निघाले ते पाय ओढत. दार मिळालं नाही हे बायकोला कोणत्या शब्दांत सांगायचं, याची त्यांनी जिन्यात तीन वेळा उजळणी केली. दारापाशी आले, एका बोटानं ढकललं आणि आत पाऊल ठेवलं. कणभर आवाज झाला नाही.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. नुसतं हसणं नव्हे, डोळ्यांतून पाणी काढणारं हसणं. आपण बाहेर असताना घरात एवढा आनंद असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

"'भांड्यातल्या कॉफीला,'" आत्याचा आवाज आला, पण तो अपडेटरावांचाच आवाज होता, घसा खाकरण्यासकट, "'ही चव येणं शक्यच नाही. प्रेशर लागतं, प्रेशर.'"

"आत्या, पुरे. हसता हसता पातेलं उतू जाईल माझं."

"ऑफिसात सगळ्यांना शिफारस करतो म्हणे. दोघांनी घेतलंसुद्धा."

"बंद पडली असतील त्यांचीही."

"मग त्यांच्या बायका काय करतात?"

"आपण करतो तेच करत असतील."

अपडेटराव हातातली बॅग छातीशी धरून उभे राहिले.

"पण आता पंचाईत आहे बघ," आत्या म्हणाली. "पूर्वी दार वाजलं की मी बटण दाबायची. तो पुटपुटून दुसरा धक्का देईपर्यंत मशीन छान घुरघुरायला लागायचं. पाणी तापत नसलं तरी आवाज काय खणखणीत आहे त्याचा. आता हे मुकं दार. तो आला हे कळायचं कसं?"

"सांगून टाकू का त्यांना? पहिल्याच आठवड्यात बिघडलं म्हणून."

पातेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला.

"नको. त्यानं आणलेलं एक तरी या घरात टिकलं, असं वाटतंय त्याला. वाटू दे. माणसाला काहीतरी लागतं."

अपडेटराव जसे आले तसे, एकेक पाऊल मागं टाकत, बाहेर गेले. दार अलगद मिटलं. (त्या बाबतीत ते दार खरोखर उत्तम होतं.) जिन्यातल्या अर्धवट उजेडात ते काही वेळ उभे राहिले. आत जाऊन 'मला सगळं कळलंय' म्हणता आलं असतं. दावे विभागात ते दिवसभर लोकांना हेच म्हणत. पण 'माणसाला काहीतरी लागतं' हे वाक्य त्यांच्या मागोमाग बाहेर आलं होतं आणि आता ते जायला तयार नव्हतं.

मग त्यांनी पाय उचलला आणि जिन्यातल्या फरशीवर दाणकन आपटला. धप्प. नंतर दाराला उद्देशून, काही कारण नसताना, पुटपुटले. पुन्हा पाय आपटला. आवाज जुन्या दारासारखा येईना, म्हणून दोन्ही पायांवर उडी मारली.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. निवृत्त मुख्याध्यापक डोकावले.

"काय हो, दार अडकलं का?"

"नाही, नाही. उघडंच आहे."

"मग?"

"आत जातोय."

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला आणि आपलं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

अपडेटराव आत शिरले तेव्हा मशीन खणखणीत घुरघुरत होतं. बायकोनं कप आणून दिला. त्यांनी पहिला घोट घेतला. रोजचीच चव होती, रोजच्याइतकीच चांगली.

"कशी झालीय?" बायकोनं विचारलं.

"भांड्याला ही चव येणं शक्यच नाही," ते कपात बघत म्हणाले.

आत्याला अचानक ठसका लागला आणि ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. दार मिळालं नाही हे अपडेटरावांनी सांगितलं तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. ते तिच्या ओरडण्याची तयारी करून आले होते. 'बरं'ची तयारी त्यांच्याकडं नव्हती.

गुरुवारी कॅफेवाल्या बाई वेळेवर आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, आणि प्रत्येक वस्तूकडं ती विकत घ्यावी की टाकून द्यावी असं बघणाऱ्या. आत येताना त्यांनी दारावरून हात फिरवला.

"अगदी नवं आहे," त्या म्हणाल्या. घरात कुणी आजारी आहे हे कळल्यावर म्हणतात त्या सुरात.

बायकोनं केक आणला. कमरेनं धक्का न देता चालण्याचा तिनं सकाळपासून सराव केला होता, त्यामुळं ती जरा तिरकी चालत होती. केक साधा होता, वर काही नाही, आत काही नाही, नुसता सोनेरी. बाईंनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा घेतला.

"आतापर्यंत सहा जणांकडं गेले," बाई म्हणाल्या. "एकानं काळा केक दिला, कोळशाचा. एकीनं धूर येणारा दिला. मी विचारलं, पुढच्या वर्षी हाच मिळेल ना? तर म्हणाली, पुढच्या वर्षी? पुढच्या आठवड्यात नवीन काढणार. लोक फोटो काढतात आणि तुकडा तसाच ठेवून जातात. मला असा केक हवाय की माणूस दहा वर्षांनी आला तरी त्याला तोच मिळावा."

"हा माझ्या आईच्या वेळेपासून असाच आहे," बायको म्हणाली. "मला वेगळा येतच नाही."

बाई पहिल्यांदा किंचित हसल्या. मग त्यांनी कप उचलला, घोट घेतला आणि थांबल्या.

"कॉफी कुणी केली?"

"मीच."

"कशात?"

प्रश्न साधा होता. बायकोनं तोंड उघडलं, मग तिची नजर अपडेटरावांकडं गेली. ते इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर हात ठेवून, सोफ्याच्या कडेला बसले होते. बायकोनं तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

"मशीनवर," ती म्हणाली.

"मशीनवर." बाईंनी कप खाली ठेवला. "असं. मला वाटलं होतं, केक आणि कॉफी दोन्ही तुमच्याकडंच सोपवावं. पण मशीनची कॉफी मला कुठंही मिळते, आणि मशीन बदललं की चवही बदलते. माझा कॅफेच मुळी मशीन नसलेला आहे." त्यांनी पर्स मिटली. "केकचं बघते. कळवते तुम्हाला."

'कळवते' हा शब्द अपडेटरावांच्या चांगल्या ओळखीचा होता. आयुष्यभर ते दावेदारांना तोच ऐकवत आले होते. त्यानंतर काय होतं, म्हणजे काहीच कसं होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बायको उभी होती. तिला एक वाक्य बोलायचं होतं आणि ती ते बोलणार नाही, हे त्यांना तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. पुढच्या महिन्यात ती शाळेत अर्ज करेल आणि तेव्हाही बोलणार नाही.

"मशीन बंद आहे," अपडेटराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"आणलं त्याच आठवड्यात बिघडलं. नुसता आवाज करतं. आवाज चांगला करतं." ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सांडशीत पातेलं धरून बाहेर आले. बुडाला काळं, एक कान तुटलेलं. "कॉफी यात होते. आत्ताची यातलीच आहे. गेलं वर्षभर मी रोज हिचं कौतुक करतोय, फक्त चुकीच्या वस्तूकडं बघून."

बाईंनी पातेलं बघितलं. मग बायकोकडं वळल्या. "मग मशीन का म्हणालात?"

बायकोनं अपडेटरावांकडं बघितलं.

"माझ्यासाठी," अपडेटराव म्हणाले, आणि पातेलं कुठं ठेवावं हे न कळून ते तसंच धरून उभे राहिले.

बाईंनी कप परत उचलला आणि तळापर्यंत संपवला. मग त्यांनी ओव्हन बघायला मागितला. त्याच्यासमोरचं स्टूल बघून त्या खाली वाकल्या, स्टूल काढून बघितलं, परत टेकवलं, आणि जायच्या आधी दोन्ही गोष्टी पक्क्या करून गेल्या: रोजचा केक इथून येणार, आणि कॅफे उघडेपर्यंत बायको त्यांच्या माणसांना पातेल्यातली कॉफी शिकवणार.

निघता निघता त्यांना काही आठवलं. "तुम्हाला जुन्याची कदर आहे म्हणून सांगते. काल मी कॅफेसाठी एक दार घेतलं, चौकटीसकट. काय लाकूड आहे. आणि त्यावर कारागिराचं हातकाम बघा. तीन वेगवेगळ्या उंचीवर लाकूड असं घासून घासून चकचकीत केलंय, आरशासारखं. दुकानदार म्हणाला, हे हल्ली कुणाला जमत नाही."

"त्यातलं मधलं माझं," आत्या म्हणाली.

बाईंना कळेना. आत्या उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं खांदा लावून दाखवला. मग बायकोनं वळून कंबर लावून दाखवली. अपडेटरावांनी पातेलं खाली ठेवलं आणि आपला खांदा लावून दाखवला, पुटपुटण्यासकट.

"परत द्याल का?" बायकोनं विचारलं.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

कॅफे उघडला, दार तिथल्या पुढच्या बाजूला बसलं, आणि पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकं बाहेर रांगेत उभी राहिली. गर्दीमुळं नव्हे. दार उघडेना. लोकांना वाटलं, बंद आहे. बाईंनी घरी फोन केला आणि पहिल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर अपडेटराव दाराशी जाऊन उभे राहू लागले. मूठ, गुडघा, खांदा. बऱ्याच लोकांनी त्यांना अदबीनं नमस्कार केला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातात टीप ठेवली. एका संध्याकाळी टाय लावलेला तो दारवाला केक खायला आला, पहिला धक्का त्याचाही वाया गेला, आणि अपडेटरावांनी त्याला जरा जास्त वेळ बाहेर ठेवलं.

त्या रविवारी घरात नव्या दाराचा निकाल लागायचा होता. काढावं की ठेवावं? बायको मोजूनमापून म्हणाली की तिच्या कमरेला आता त्याची सवय झालीय. आत्यानं मान हलवली.

"राहू दे. चांगलं दार आहे."

अपडेटराव खुर्चीत सरळ बसले. त्यांनी आणलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. "म्हणजे तुला पटलं तर. काय आवडलं? कोर? बिजागऱ्या?"

"ते भिंग," आत्या म्हणाली. "त्या बुधवारी दार मिटल्याची झुळूक आली म्हणून बघायला गेले, त्याला डोळा लावला, तर तू बाहेर एकटाच उड्या मारतोयस. नव्या चष्म्यातून काय स्वच्छ दिसत होतास. मग हिला हाक मारली. आळीपाळीनं बघितलं आम्ही. मुख्याध्यापकांशी बोललास तेसुद्धा."

अपडेटरावांनी बायकोकडं बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"म्हणजे तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, की मला कळलंय?"

"हो रे. पण एवढा जीव तोडून धक्के मारत होतास, म्हटलं मशीन तरी लावू."

"आणि आता ते मशीनही गेलं. मग भिंग कशाला हवंय?"

"असं कसं?" आत्या म्हणाली. "तू जिना चढताना दिसतोस ना. हसू आवरायला वेळ मिळतो आम्हाला."